मुठीत न धरलेलं माणूस

थंडी पडली की मला राग येतो.

लोकांना हुरडा आठवतो, शेकोटी आठवते. मला राग येतो. सकाळी खाली गाडीवाला येतो, हरभऱ्याची भाजी, चाकवत, आंबट चुका अशी एकेक नाव घेऊन ओरडतो, आणि मी खिडकी लावून घेतो. भाजीवर माझा राग नाही. भाजीनं माझं काही वाकडं केलेलं नाही, उलट उपकारच आहेत तिचे. राग दुसऱ्यावर आहे, आणि तो दुसरा खिडकी लावून घरातच बसलेला असतो.

मागच्या आठवड्यात पोरगी आली, मंगल. येताना एक डबी घेऊन आली. शेवग्याच्या पाल्याची भुकटी. वर हिरव्या पानाचं चित्र, खाली इंग्रजीत काहीबाही. म्हणाली, "बाबा, दुधातून घेत जा. यात लोह असतं."

मला सांगते! म्हटलं, "बाई, तू पोटात होतीस तेव्हापासून मला माहीत आहे लोह कशात असतं."

ती हसली. तिला वाटलं बाबा गंमत करतात. गंमत नव्हती. मी चौथी पास माणूस. पाचवीला मास्तरांनी नाव पुकारलं तेव्हा मी दुसऱ्याच्या मळ्यात पाणी धरत होतो. तरी एका थंडीत मी आहारशास्त्र शिकलो, म्हणजे त्या शब्दासकट शिकलो. कशासाठी, कोणासाठी आणि किती अर्धवट, ते आता लिहून टाकतो. जिच्यासाठी शिकलो ती इंदू, माझी बायको, दीड वर्षामागं गेली. जिवंत असताना तिला नावानं हाक मारली नाही. "अगं ए" यावर पन्नास वर्षं भागली.

बहात्तरचा दुष्काळ उलटून चार-पाच वर्षं झाली असतील. मी देवळाली कॅम्पात लष्कराच्या एका मेसमधे आचारी होतो. वर्दीतला नव्हे, सिव्हिलियन. दारणेकाठच्या आमच्या गावाहून सायकलवर जायचो. थंडीत हँडलवर बोटं अशी आखडायची की मेसला पोचल्यावर आधी चुलीसमोर धरून मग उलगडावी लागायची. तोफांचा सराव चालू असला की टेकड्यांपलीकडून धडधड यायची, आणि फळीवरचे मग एकमेकांवर आपटून किणकिण करायचे. कांद्याची फोडणी, ओल्या सरपणाचा धूर, मोठ्या पातेल्यातल्या डाळीची वाफ. माझी सगळी तरुण हिवाळी सकाळ त्या वासाची आहे.

मेसच्या दारात एक काळा फळा होता. त्यावर हवालदारसाहेब रोज खडूनं आकडा लिहायचे. त्याला म्हणायचे स्ट्रेंथ. आज इतकी माणसं जेवणार. मग शेजारच्या तक्त्यावरून हिशेब. एका माणसाला पीठ किती, डाळ किती, भाजी किती, तेल किती, दूध किती, सगळं ग्रॅमवर. तराजूवर वजन केल्याशिवाय कोठीतून मिरचीसुद्धा बाहेर यायची नाही. मी नवा असताना एकदा म्हणालो होतो, अंदाजे टाकतो. हवालदारसाहेब गढवालकडचे, बुटके, मिशीवाले. म्हणाले, "महाराज, अंदाज से शादी करना, दाल मत बनाना."

आणि मी घरी येऊन अंदाजाचं जेवत होतो.

त्याच्या आदल्या वर्षी आमचं एक गेलं होतं. सातव्या महिन्यात. मुलगा होता. बांधाला पुरला. कोणी काही बोललं नाही, "पुढच्या वेळी होईल" म्हणाले, जसं पीक गेल्यावर म्हणतात. पुढची वेळ आली. मार्गशीर्ष लागला तेव्हा इंदूला पाचवा महिना होता, आणि ती विहिरीवरून हंडा आणताना दोनदा वाटेत बसली. मी तिला दवाखान्यात नेलं. तिथल्या सिस्टर वयस्कर होत्या, तोंडानं फटकळ. त्यांनी अंगठ्यानं तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढली आणि मला जवळ बोलावलं.

"बघा. काय रंग आहे?"

"पांढरा."

"लाल पाहिजे. बाईच्या अंगात रक्त कुठं आहे? लोहच नाही. मागचं असंच गेलं का?"

मी मान हलवली.

"मग हेही जाईल. आणि या खेपेला एकटं जायचं नाही, हिला घेऊन जाईल. चांगलं खायला घाला."

"चांगलं म्हंजे काय, बाई?"

"चांगलं म्हणजे चांगलं," असं म्हणून त्यांनी पुढचीला हाक मारली.

या "चांगलं" शब्दावर मी आजही थुंकतो. चांगलं म्हणजे काय हे माहीत असतं तर बांधाला माती उकरली असती का? पण त्या बाईवर तरी किती चिडायचं. बाहेर साठ बायका उभ्या होत्या, आणि साठही पापण्या पांढऱ्या असणार.

मी मला कळलं ते केलं. लाल ते रक्त, म्हणून लाल आणलं. सफरचंदं आणली. आईनं ती पितळी ताटलीत मांडली आणि आल्यागेल्याला फोडी दिल्या. "सून पोटुशी हाय, तिच्यासाठी आणली," असं सांगत सांगत दिल्या. आईचंही औषध होतं. विळा चुलीत लालबुंद करायचा, पाण्यात बुडवायचा, चर्र झालं की ते पाणी इंदूला पाजायचं. इंदू निमूट प्यायची. मी सिस्टरकडून "लोह" शब्द घेऊन आलो होतो, त्यामुळं मलाही वाटलं, बरोबरच आहे की. विळ्याएवढं लोखंड दुसऱ्या कशात आहे?

मग कॅम्पातल्या बाजारात रद्दीवाल्याकडं एक पुस्तक मिळालं. कव्हर नाही, पहिली सोळा पानं नाहीत, कुठल्या तरी वरच्या इयत्तेचं गृहशास्त्र. सतरावं पान सुरूच व्हायचं अर्ध्या वाक्यावर: "…म्हणून ही जीवनसत्त्वे आहारात रोज असावीत." कुठली, ते सोळाव्या पानाबरोबर गेलेलं. रद्दीवाला म्हणाला, "बायकांचं पुस्तक हाय, तुम्ही काय करता?" म्हटलं, "खातो."

मला वाचायला वेळ लागायचा. जोडाक्षर आलं की बैलासारखा अडायचो. इंदू सातवी पास होती. आमच्या घरात सगळ्यात जास्त शिकलेली तीच, आणि हे लग्नानंतर कोणाच्या लक्षातसुद्धा नव्हतं. दुपारी दोनला मेस संपवून मी घरी यायचो, चारला परत जायचं. तेवढ्या वेळात मागच्या अंगणात उन्हात बसून ती वाचायची आणि मी मुगाला मोड आलेत का ते बघत ऐकायचो. तिच्या वाचण्याचा आवाज वेगळा होता. घरात बोलायची त्याहून मोठा, स्वच्छ. शाळेतल्या मुलीचा. प्रथिने. कर्बोदके. स्निग्ध पदार्थ. ती ते शब्द असे म्हणायची की लांबच्या गावांची नावं असावीत.

शिकलो म्हणजे सरळ नाही शिकलो. अ, ब, क, ड ही जीवनसत्त्वं मला वाटलं क्रमानं खायची असतात, सकाळी अ, मग ब. एक आठवडा मी तिला उठल्याउठल्या गाजर दिलं. तिनं खाल्लं. उष्मांकाचा तर मोठाच घोळ. शेंगदाण्यात आणि तुपात उष्मांक फार, असं इंदूनं वाचलं. आई ओसरीवरून ऐकत होती. ओरडली, "ऐकलं का? पुस्तकातबी लिवलंय, शेंगदाना उष्न हाय. पोटुशीला चालत नाय." मलाही तेच वाटलं. आठ दिवस मी तिचे शेंगदाणे बंद केले. आमच्या घरात तिला खाता येण्यासारखी तीच एक ताकदीची गोष्ट होती, ती मी पुस्तक वाचून बंद केली! शेवटी हवालदारसाहेबांना विचारलं. ते इतके हसले की खडू खाली पडला.

"अरे महाराज, गरम-ठंडा नहीं. ये लकड़ी है लकड़ी. चूल्हे में कितनी लकड़ी डाली, उसका हिसाब."

तेव्हापासून ते माझे मास्तर. मला चिडवायचे, "डाक्टर साब आ गए", पण विचारलं ते सांगायचे. लिंबू का देतात, मोड का आणतात, जेवणावर लगेच चहा का नको. चहानं भाजीतलं लोह अंगी लागत नाही, हे मी घरी सांगितलं तेव्हा आईनं माझा चहाच आठ दिवस बंद केला, रागानं. जर्मनची, म्हणजे अॅल्युमिनियमची, भांडी आल्यावर अडगळीत टाकलेली लोखंडी कढई मी काढली, विटेच्या पुडीनं घासली, तिच्यात हरभऱ्याची भाजी करायला लागलो. पुरुष माणूस घरात फोडणी देतो म्हणून गल्लीतल्या बायका कुडावरून डोकावायच्या. सुरगाण्याकडून द्राक्षाच्या मळ्यात कामाला उतरलेल्या बायका नागली, म्हणजे नाचणी, आणायच्या, तिच्या बदल्यात मी कांदे द्यायचो. तीच नागली आता चकचकीत पुडीत मिळते, आणि तिच्यावर लिहिलेलं असतं की ही फार थोर आहे. त्या काळात नागली खाणाऱ्याला लोक जवळ बसू द्यायचे नाहीत. आठवलं की डोकं फिरतं.

हवालदारसाहेबांची अजून एक सवय होती. जेवणं झाली की ते ताटं बघायचे नाहीत, उष्ट्याची बादली बघायचे. काय उरलं, किती उरलं. मला म्हणाले, "पकाया क्या, ये मत देख. पेट में किसके गया, वो देख." मी मान हलवली. कळलं मात्र काही नव्हतं.

पौषात माझा अभ्यास झाला असं मला वाटलं. मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर घरचा तक्ता केला. मेसच्या तक्त्यासारखा, रेघा मारून. सकाळी काय, दुपारी काय, माणशी किती. वर ठळक अक्षरात लिहिलं, स्ट्रेंथ ३. अंगणात नेऊन इंदूला दाखवला. ती भाजी खुडत होती, बोटांची टोकं हिरवी झालेली. तिनं सगळा तक्ता वाचला. मग वरच्या आकड्यावर बोट ठेवलं.

"तीन कोण कोण?"

"आई, अशोक, मी." अशोक माझा धाकटा भाऊ, तेव्हा कॉलेजात होता.

"बरोबर," ती म्हणाली. पुन्हा भाजी खुडायला लागली. थोड्या वेळानं विचारलं, "अहो, तुमच्या मेसमधे आचाऱ्याला धरतात का स्ट्रेंथमधे?"

"छे. आम्हाला कशाला? आम्ही काय, उरतं त्यात खातो."

"हां. तसंच," म्हणाली आणि हसली.

टोमणा मारून हसतात तसं नाही. कोडं सुटल्यावर हसतात तसं. मी तक्ता पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचला. दोन महिने जिच्यासाठी अक्षरं ओळखत होतो, जिच्या पापणीसाठी रद्दी चाळली, तीच तक्त्यात नव्हती. मी तिला विसरलो होतो असंही नाही. विसरायला आधी मोजावं लागतं.

मी तसाच उठून घरात गेलो. आई भाकरीचं पीठ काढत होती. ती मुठीनं काढायची, मोठी घट्ट मूठ. म्हटलं, "आई, मुठी किती?"

"पाच. तुला दोन, अशोकला दोन, मला एक."

"तिच्या?"

"तिच्या कशाला? करनारीला उरतं की. करनारीचं कधी कोनी धरतं का?"

"आणि नाही उरलं तर?"

"तर नाय. मलाबी कोनी मुठीत धरलं नव्हतं. मी मेले का?"

मी म्हणालो, "तू नाही मेलीस. तुझे चार मेले."

आईची मूठ डब्यातच राहिली. माझ्या मागं-पुढं आईची चार गेली होती, आणि त्यांच्याबद्दल आमच्या घरात कधी कोणी शब्द काढला नव्हता. तिनं डब्याचं झाकण लावलं, हात झटकले, आणि बाहेर जाऊन गोठ्याच्या भिंतीला टेकून बसली. दिवसभर तिथंच. मी जे बोललो ते खरं होतं, आणि ते मी बोलायला नको होतं. दोन्ही. तिलासुद्धा कोणी मोजलं नव्हतं, आणि न मोजलेल्या बाईच्याच हातात मोजायची मूठ दिली होती. या लबाडीचा मला जो राग येतो तो सांगता येत नाही. पुरुषांनी हात धुऊन पाटावर बसायचं, आणि आत दोघी बायकांनी एकमेकींना उपाशी ठेवायचं. वर म्हणायचं, बायकाच बायकांच्या वैरी.

आठ दिवस आई माझ्याशी बोलली नाही. नवव्या दिवशी सकाळी चुलीपाशी गेलो तर परातीत सात मुठी. माझ्याकडं न बघता म्हणाली, "दोघंजीव हाय ना ती."

मग ती थंडी चांगली गेली. मेसहून आलो की मी इंदूला आधी जेवायला बसवायचो आणि समोर बसायचो. तिला लाज वाटायची. तोंडापुढं पदर धरून खायची, दाराकडं बघत, कोणी येईल म्हणून. माणसासमोर जेवायचं तिला माहीत नव्हतं. मी लिंबू पिळायचो आणि दटावायचो, "संपव." हळूहळू पदर खाली आला. मग एके दिवशी तिनं स्वतः भाकरीचा चतकोर मागून घेतला. उन्हात बसून ती जेवते आहे, कुडावर चिमण्या आहेत, लांब तोफा धडधडताहेत आणि तिच्या गालावर रंग येतो आहे. माझ्या अख्ख्या आयुष्यात मी एवढं चांगलं काम दुसरं केलेलं नाही. माघात सिस्टरांनी पापणी ओढली आणि नुसतं "हं" म्हणाल्या. चैत्रात मंगल झाली. बारीक होती पण रडली असा आवाज काढून की आई म्हणाली, "ही कुनाचं ऐकायची नाय."

इथं गोष्ट संपवली तर लोक मला शाबासकी देतील. मंगल झाल्यावर सोयऱ्यांनी दिलीच. बायकोसाठी पुस्तक वाचणारा नवरा.

पण पुढचं ऐका. बाळंतपणाचे दिवस सरले, ती पुन्हा चुलीपाशी बसली, आणि परातीत पाच मुठी पडायला लागल्या. ती आता एकजीव होती ना. मला कळलं नाही, कारण मी बघितलं नाही. माझं काम झालं होतं. पोर वाचलं होतं. दिवाळीला भिंती रंगवताना तक्ता फाटला, तो मी परत केला नाही. आई गेली, अशोक नोकरीला लागला, आम्ही नाशिकरोडला खोली घेतली, पुढं फ्लॅट घेतला. मुठी जाऊन वाट्या आल्या. मी पहिल्या पंगतीला बसत राहिलो. आणि मजा अशी की मी सगळ्यांना शिकवत होतो. शेजारच्या पोटुशीला नागली सांगायचो, चहा नको म्हणायचो. लोक मला डॉक्टर म्हणून चिडवायचे. घरात आत ताटं उचलल्यावर कोण काय खातं आहे, हे चाळीस वर्षांत मी एकदाही उठून पाहिलं नाही.

न्हाणीघरात इंदूचा पाय घसरला एवढं निमित्त. खुबा मोडला. डॉक्टरनं फोटो उजेडावर धरला आणि मला म्हणाला, "आजोबा, हाडं अगदी पोकळ झालीत. किती वर्षं पोटात नीट गेलेलं नाही." कोवळा पोरगा होता. मला समजावून सांगायला लागला की हाडांना काय लागतं. मी ऐकून घेतलं. काय सांगणार? मला पाठ आहे म्हणून?

दवाखान्यात मी तिला भरवायचो. दोन घास झाले की तोंड फिरवायची. एका दुपारी खिडकीतून ऊन आलं होतं, तिच्या पांघरुणावर. ती उन्हाकडं बघून म्हणाली, "मंगलच्या वेळची थंडी लय चांगली होती. पोटभर जेवले मी तेव्हा."

तक्रार म्हणून नाही म्हणाली. एखादी जत्रा आठवावी तशी म्हणाली. मी चमचा हातात धरून बसलो. मला वाटलं उठून काहीतरी फोडावं. काय फोडणार? त्या खोलीत फोडण्यासारखा मीच होतो.

दहाव्याला गोदावरीच्या घाटावर गेलो. पिंड मांडले. गुरुजी म्हणाले, "आजींच्या आवडीचं काही आणलंय ना? बाजूला ठेवा."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. एवढ्या वर्षांचा नवरा, त्याला माहीत असणारच. शेंगदाण्यात काय असतं, अंड्याच्या बलकात काय असतं, झोपेतून उठवून विचारा. तिला काय आवडायचं? मी मंगलकडं वळलो. म्हटलं, "तू सांग."

मंगल रडत होती. पदरानं नाक पुसून म्हणाली, "मला नाही माहीत, बाबा. ती आपल्यानंतर जेवायची ना. मी आईला जेवताना कधी नीट पाहिलंच नाही."

अशोकनं पिशवीतून बुंदीचा लाडू काढून ठेवला. कावळा आला आणि लगेच शिवला. मागून कोणीतरी म्हणालं, "बघा, तृप्त होऊन गेली माउली. काही म्हणजे काही राहिलं नाही तिचं." कोण बोललं ते बघायला मी गर्रकन वळलो. सगळ्यांचे हात जोडलेले होते, आणि सगळ्यांना भूक लागली होती.